डोळे मिटलेला घोडा

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. लांब बसू नका, माझा आवाज आता फार दूर जात नाही. चपला काढल्या नाहीत तरी चालेल, मी काही देव नाही. पण मांडी तेवढी घाला, म्हणजे कथा अंगात उतरते. आज तुम्हाला एक आख्यान सांगतो. त्यात राजा नाही आणि राक्षसही नाही. एक दमलेली आई आहे, एक हट्टी बाळ आहे आणि त्या दोघांच्या मध्ये मी आहे.

मी एक जुना निळा घोडा आहे. घोडा म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसलात, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्या पाठीला मधोमध मोठं भोक आहे आणि पोटात काढता-घालता येणारं भांडं आहे. लहान बाळांना शी करायला बसवतात ना, तो मी. हसा, हसून घ्या. कीर्तनकार बुवासुद्धा आधी माणसांना हसवून घेतात आणि मगच मूळ कथेला हात घालतात. आमच्या अंगणापलीकडे मारुतीचं देऊळ आहे. तिथे दरवर्षी सप्ताह बसतो आणि कर्ण्यातून कीर्तन थेट माझ्या अंगावर येतं. मला देवळात कोण नेणार? पण आवाजाला सोवळं-ओवळं नसतं. जे काही चार शब्द मला बोलता येतात, ते तिथून कानावर पडलेले आहेत.

माझा जन्म कुठल्या गावचा, ते मला माहीत नाही. जुन्या बादल्या, फुटके मग, तुटक्या चपला असं सगळं वितळवून साच्यात ओतलं आणि मी बाहेर पडलो. माझ्या तोंडावर दोन कागदी डोळे चिकटवले होते. त्यांनी काही दिसत नसे. मी ऐकत असे आणि अंगाला स्पर्श कळत असे, एवढंच. रोह्याच्या बाजारात जोसेफकाकांचं दुकान होतं. बादल्या, गाळण्या, खराटे, कंदिलाच्या काचा यांच्यामध्ये मी दोरीला टांगलेला असे. काका बेने इस्राएल, म्हणजे इथलेच ज्यू. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, म्हणून दुकान बंद. त्या दिवशी मला एकट्यालाच फार कंटाळा येई. जोसेफकाकांचे भाऊ, बहिणी, पुतणे सगळे केव्हाच इस्राएलला निघून गेले होते. काका मात्र इथेच राहिले होते. म्हणायचे, "माझ्या खराट्यांना तिकडं कोण विचारतो?"

एक दिवस हिरामण नावाचा माणूस दुकानात आला. तो रोह्याजवळच एका कंपनीत शिफ्टवर कामाला होता. त्याची बहीण सगुणा हमरापूरला दिलेली होती आणि तिचा मुलगा प्रणित चांगला चालता-बोलता झाला तरी शी कुठेही करत असे.

"काका, हे बसतं का पोराला?" हिरामणने विचारलं.

"पोराला कशालाही बसतं रे," जोसेफकाका म्हणाले. "पण एक ध्यानात ठेव. हे भांडं पोराला बसवायला नसतं. बसवणाऱ्याला बसवायला असतं. समोर बसून राहणारं मानूस घरात हाय का, ते आधी बघ."

"बहीण हाय माझी."

"मग ने. पण तिला सांग, दमशील."

मित्रांनो, हे वाक्य मी विसरलो नाही. पुढे कितीतरी वेळा मला वाटलं, काका, तुम्ही थोडं जास्त मोठ्याने सांगायला हवं होतं.

हिरामण मला काखेत मारून एसटीत चढला. गाडीला ही गर्दी. मागून कुणीतरी ओरडलं, "अरं वा, गाडीत जागा नाय म्हणून सोताची सीट घेऊन आला काय रं?" सगळी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "मामा, घोड्याचं तिकीट फुल की हाफ?" हिरामण काय कमी होता? तो म्हणाला, "मास्तर, तुमाला लय घाई लागली असंल तर तुमी बसून घ्या, तिकिटाचं नंतर बघू." नागोठण्यापर्यंत लोक हसत होते. त्या धक्काबुक्कीत माझा एक कागदी डोळा निघून गेला. दुसरा जोसेफकाकांच्या दुकानात उन्हानेच गळला होता. असा मी बिनडोळ्यांचा होऊन हमरापूरला आलो.

आता मी ज्या घरात आलो, ते घर तुम्हाला सांगायला हवं. हमरापुरात घरोघर गणपती होतात. आमच्या घरीही पडवीला लागून कारखाना होता. कारखाना म्हणजे धूर सोडणारा नव्हे, गणपतीचा. साच्यातून मूर्ती काढायच्या, अंगणात वाळवायच्या, घासायच्या, रंग द्यायचे आणि सगळ्यात शेवटी डोळे आखायचे. त्या कामाला आखणी म्हणतात. साच्यातून बाप्पा निघतात आणि साच्यातून मीही निघालो, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. देवाचं आणि माझं तेवढंच काय ते नातं.

कारखाना चालवायचे ते महिपती, म्हणजे प्रणितचे आजोबा. त्यांच्या हातची आखणी पेणपर्यंत नावाजलेली. पण वय झालं आणि हात थरथरायला लागला. डोळ्याची रेघ थरथरून चालत नाही. मुलगा नाथा साच्याच्या कामात तरबेज, पण बारीक कुंचल्याला त्याचा हात जड. तेव्हा महिपतींनी सुनेला, सगुणेला, शेजारी पाटावर बसवून ती विद्या दिली. घरातल्या बाईच्या हातात आखणीचा कुंचला आला, तो पहिल्यांदाच. सकाळी आंघोळ करून, केस घट्ट बांधून ती पाटावर बसली की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. तो पाट म्हणजे तिचं सगळं होतं. सासरी आल्यावर तिला जी काही स्वतःची जागा मिळाली, ती तेवढीच.

आणि त्या घराचा एक नियम होता. डोळे आखण्याआधी ती माती. तिला हात लावा, उचला, उलटी करा, काही हरकत नाही. पण एकदा डोळे आखले की तिथे बघणारा आला. मग हात जोडायचे, पाय लावायचा नाही, टेकून बसायचं नाही. प्रणित रांगायला लागला तेव्हापासून सगुणा त्याला हेच शिकवत होती. "डोळे आले ना बाळा? मग काय करायचं?" की हा पठ्ठ्या दोन्ही तळवे एकमेकांवर आपटून म्हणायचा, "बाप्पा बघते!" सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक!

हे लक्षात ठेवा मित्रांनो. पुढे कामाला येणार आहे.

मी घरात आलो तेव्हा काशीबाईंनी, म्हणजे प्रणितच्या आजीने, मला उलटंपालटं करून पाहिलं आणि नाक मुरडलं. "ह्यो काय गो घोडा? आमची पोरं काय घोड्यावर बसली? पायांवर बसवायची. दोन पाय लांब करायचे, पावलांवर पोर ठेवायचं, गुडघ्याला टेकवायचं. झालं."

"आत्याबाय, पावलांवर बसायला आता तो मावत नाय," सगुणा म्हणाली. "माझ्या पायाला मुंग्या येतात, त्याला शी येत नाय."

म्हणून रोज सकाळी मला मागच्या अंगणात चिंचेखाली ठेवायचे. सगुणा प्रणितला माझ्यावर बसवायची आणि समोर मातीत फतकल मारून बसायची. प्रणितला मी आवडलो होतो, ते खोटं बोलणार नाही. त्याने मला घोडा केलं, गाडी केलं, माझं भांडं काढून डोक्यावर टोपी म्हणून घातलं, माझ्या पोटात चिंचोके भरले. एक काम सोडून त्याने माझ्याकडून सगळी कामं करून घेतली. सगुणा म्हणायची, "कर ना रे सोन्या. कर ना." तो म्हणायचा, "झाली." ती भांडं काढून बघायची. भांड्यात चिंचोके. तिने त्याला उतरवलं की तो दुडूदुडू समोरच्या अंगणात जायचा आणि वाळत घातलेल्या मूर्तींच्या आडोशाला बसून निवांत सगळं उरकायचा. मग सगुणेने धावत जायचं, माती उचलायची, जागा धुवायची, मूर्ती हलवायच्या, शेण सारवायचं. पुन्हा आंघोळ. तिच्या हातांना तेव्हा साबणाचा वास येत असे, कायम. एखादे दिवशी ती बसल्या बसल्या माझ्या मानेवर डोकं टेकून झोपून जायची. मी प्लास्टिकचा, पण तिच्या कपाळाचा भार मला अजून आठवतो.

मग ज्येष्ठातली ती गोष्ट झाली. आखणीसाठी मूर्ती पाटांवर मांडून ठेवल्या होत्या. मुंबईच्या मंडळाची ऑर्डर होती. सगुणा हातपाय धुवायला गेली तेवढ्यात प्रणित कारखान्यात शिरला आणि तिच्याच पाटावर, तिच्या बसायच्या जागेवर, त्याने शी केली. बाजूच्या दोन मूर्तींच्या पाटांनाही लागली.

महिपती फार ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "सगुणा, ह्या पोराला जागेवर शी करायची सवय लागंल तवा तू पाटावर बस. तवर नको. देवाचं काम हाय."

"मामंजी, मग आखणी?"

"आषाढ संपेपर्यंत वाट बघतो. दिव्यांच्या अवसेला नाय जमलं तर पेणचा आखणीवाला बोलावतो. यंदा तो बसंल."

"यंदा" असं ते म्हणाले. पण एकदा बाहेरचा माणूस पाटावर बसला की पुढच्या वर्षी त्यालाच बोलावतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नाथा साचा घासत राहिला. त्या दिवसापासून सगुणेचा पाट आणि मी, आमची गाठ पडली. मी जिंकलो तर तिला पाट मिळणार होता.

तिने पुष्कळ केलं. गूळ दिला, खिमट दिलं, गोष्टी सांगितल्या, रागावली, एकदा फटकाही दिला आणि मग त्याच्याहून जास्त स्वतःच रडली. शेजारणी येऊन शहाणपण शिकवून जायच्या. "आमच्या पुतळीचा नातू तर पाळण्यातच सांगायचा गो!" असं कुणीतरी म्हणालं. सगुणा म्हणाली, "व्हय, आणि पाळण्यातच पाढे पण म्हनायचा आसंल." एवढंच काय ते ती त्या महिन्यात हसली.

मग तिला वाटलं, घोड्याला डोळेच नाहीत, म्हणून पोराचं मन लागत नसेल. आंधळ्या घोड्याची भीतीही वाटत असेल. एका दुपारी घर निजलेलं असताना तिने आपला बारीक कुंचला आणला. मला स्वच्छ धुतलं, पुसलं, मांडीवर घेतलं. कितीतरी दिवसांनी तिच्या हातात कुंचला आला होता. मित्रांनो, ती काय फक्त दोन ठिपके देऊन उठणार होती? हात भुकेलेला होता. तिने पांढरं भरलं, वरची पापणी ओढली, बुबुळ ठेवलं, त्यात उजेडाचा बिंदू ठेवला. श्वास रोखून, अगदी जशी मूर्तीला करते तशी आखणी तिने मला केली.

आणि मला दिसायला लागलं.

कसं सांगू ते? पहिल्यांदा दिसला तिचा चेहरा. मी इतके दिवस तिचा आवाज ऐकत होतो. चेहरा इतका दमलेला असेल असं मला वाटलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं, केसांत माती, आणि ओठ मात्र हसत होते. तिच्यामागे चिंच होती, हिरवी. मी निळा आहे असं जोसेफकाका गिऱ्हाइकांना सांगायचे, तेव्हा निळा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी कळलं.

पण मला डोळे मिळाले आणि माझं काम गेलं.

संध्याकाळी प्रणितला माझ्यासमोर आणला. त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. गोरा, गुटगुटीत, गालावर काजळाचा ओघळ. तो थबकला, एक पाऊल मागे गेला आणि त्याने अंग ताठ केलं. सगुणेने उचलून बसवायला घेतलं, तर त्याने असा काही आक्रोश मांडला की काळुराम शेजारी कुंपणावरून डोकावून म्हणाला, "काय, कान टोचताय काय पोराचं?"

त्या दिवसापासून तो माझ्यावर बसेना. एवढंच नाही, तो शीच करेना. मला बाहेर काढलं की भिंतीला चिकटून, पाय आवळून, लाल होऊन उभा राहायचा. पोट घट्ट झालं. खाणं सुटलं. त्याला उचलून पेणला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध दिलं आणि बजावलं, जबरदस्ती करू नका, याच्या मनात काहीतरी बसलंय. औषधाने कसंबसं व्हायचं, त्यातही तो किंचाळायचा. आषाढाचा पाऊस पडत होता. चिंचेखाली बसता येईना, म्हणून मला मागच्या पडवीत घेतलं. सगुणा माझ्यासमोर बसलेली असायची आणि पलीकडे कारखान्यात डोळे नसलेल्या मूर्तींच्या रांगा वाढत होत्या. मला ते आता दिसत होतं. न दिसलेलं बरं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

अवस अगदी तोंडावर आली, तेव्हाची ही सकाळ. आता जरा सावध होऊन ऐका. पाऊस थोडा उघडला होता. सगुणा खांबाला टेकून बसली होती, डोळे उघडे पण झोपेत असल्यासारखी. तिने त्या दिवशी प्रणितला "कर" म्हटलंच नाही. तिच्यात म्हणायचं बळ उरलं नव्हतं. तो जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग अंगणात गेला, कुंपणाचं जास्वंदीचं फूल ओरबाडलं, पाय आवळत आवळत माझ्याजवळ आला आणि ते फूल माझ्या कपाळावर ठेवायला लागला. ते घसरून पडे. तो पुन्हा ठेवी. शेवटी त्याने ते माझ्या पुढ्यात ठेवलं, तळवे जोडले आणि मला म्हणाला,

"बाप्पा, आईला ललू नको शांग. मी तुज्यावल शी नाय कलत."

सगुणा ताठ झाली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. आपल्याच हातच्या आखणीकडे. मग तिने त्याला ओढून छातीशी धरलं आणि ती हसत होती की रडत होती, हे मला समोर बसूनही कळलं नाही.

"आत्याबाय!" तिने हाक मारली. "अवो आत्याबाय, इकडं या! ह्यो शहाणा झालाय, आपण येडे!"

काशीबाई आल्या. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगो, पन चुकतंय कुठं तो? तूच शिकवलंस. डोळे आले की बघणारा आला. आणि बघणाऱ्याच्या पाठीवर तू त्याला काय करायला सांगतंस? माझा नातू बरा हो, तो नाय करायचा!"

"मग पुसते मी डोळे."

"माज्या घरात आखलेला डोळा पुसत नाय." हा आवाज महिपतींचा होता. ते कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. सगुणेने पदर सावरला. ते पुढे आले, खाली बसले आणि त्यांनी मला हातात घेतलं. शीचं भांडं त्यांनी हातात घेतलं, मित्रांनो, ज्यांनी आयुष्यभर फक्त देव घडवला त्यांनी. ते माझ्या डोळ्यांत कितीतरी वेळ बघत राहिले.

"हे तू आखलंस?"

"व्हय मामंजी."

"कवा?"

"तुमी पाटावरनं उठवलंत, त्याच्या मागनं."

"पोरी," ते म्हणाले, "मी तुला शिकवलं तवापासून तू आखलेले सगळे डोळे मी बघितलेत. त्यात सगळ्यात चांगले आखलंस, ते ह्या भांड्यावर!" आणि ते हसले. बोळकं दिसेपर्यंत हसले. काशीबाईही हसल्या. प्रणितला वाटलं, आपलीच कसली तरी मजा झाली, म्हणून तोही हसला, पण पाय आवळलेलेच.

हसू सरलं तशी सगुणा म्हणाली, "पुसायचे नाय, मग पोर बसंल कसं? उद्यावर अवस आली."

तेव्हा काशीबाई म्हणाल्या, आणि कीर्तनं ऐकण्यात जन्म घालवल्याशिवाय हे सुचायचं नाही, "पुसू नका. निजवा. देव निजत नाय व्हय? रोज देवळात शेजारती होते, ती काय उगाच? निजलेल्या देवापुढं आपण सगळी कामं करतोच की. पापणी ओढ त्याची."

महिपतींनी मान हलवली. "पापणी ओढ. मिटव. मिटवायला माझी ना नाय."

सगुणेने कुंचला आणला. काशीबाईंनी भर सकाळी माझी शेजारती मांडली. निरांजन नाही, काही नाही, टाळ्या वाजवून त्या हळू आवाजात म्हणत होत्या आणि प्रणितही टाळ्या वाजवत होता. सगुणेचा चेहरा माझ्यासमोर आला. मला कळलं होतं काय होणार ते. ती माझ्या कानाशी, म्हणजे घोड्याच्या त्या प्लास्टिकच्या कानाशी म्हणाली, "नीज रे बाबा. लय बघितलंस." मी शेवटचं पाहिलं ते तिच्या मागचं पावसाने धुतलेलं अंगण आणि तिच्या गालाला लागलेला रंगाचा ठिपका. मग वरून कुंचला आला, मऊ, गार. एक डोळा मिटला. मग दुसरा.

मला वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. वाटलं. पण ज्याला काम करायचं आहे त्याला सगळं बघत बसता येत नाही, हे मी त्या घरात शिकलो होतो.

"निजला?" प्रणितने विचारलं.

"निजला. हळू बोल."

रंग वाळल्यावर तो माझ्याजवळ आला. त्याचे ऊबदार श्वास माझ्या तोंडावर आले. तो बराच वेळ खात्री करत होता. मग त्याचा छोटासा भार माझ्या पाठीवर आला. पण झालं काही नाही. मित्रांनो, कथेत लगेच होतं, घरात होत नाही. त्या दिवशी तो बसला आणि उठला. संध्याकाळी बसला आणि उठला. सगुणा समोर बसून राहिली. जोसेफकाकांचं बोलणं मला तेव्हा खरं कळलं.

अवसेच्या सकाळी घरात दिवे घासत होते. चिंचेच्या कोळाचा वास येत होता. प्रणित आपणहून येऊन माझ्यावर बसला, पुढे वाकला आणि माझी मान दोन्ही हातांनी धरून माझ्या कानात म्हणाला, "उठू नको हं." मग तो कुंथला. माझ्या पोटात टप्पकन आवाज झाला.

असा आवाज, मित्रांनो! सप्ताहातल्या मृदंगाची थाप मी ऐकली आहे, पण त्या दिवशी त्या घराला तो आवाज तिच्याहून गोड लागला. काशीबाई दिवे टाकून धावल्या. नाथा साचा सोडून आला. प्रणित उठून भांड्यात डोकावला आणि "श्श! बाप्पा निजलाय!" म्हणून सगळ्यांनाच दटावू लागला. महिपती कारखान्यातूनच म्हणाले, "पेणला निरोप धाडा. येऊ नको म्हणावं."

सगुणेने मला धुतलं. मग आंघोळ केली, केस घट्ट बांधले आणि पाटावर जाऊन बसली. मी पडवीत होतो. मला दिसत नव्हतं, पण घर एकदम गप्प झालं, त्यावरून मला कळलं की कुंचला उचलला.

त्या वर्षी काम फार साचलेलं होतं आणि ती मुळातच दमलेली. टेम्पो भरताना महिपती नाथाला म्हणाले, "यंदाचे गणपती जरा दमलेले दिसतायत नाय?" नाथा घाबरला. तशी तेच पुढे म्हणाले, "आसूं दे. दमलेला देव घरात येऊन बसतो तरी. ताजातवाना असला की निघायची घाई." मुंबईच्या मंडळाने पुढच्या वर्षी आवर्जून तेच डोळे मागितले, असं मी ऐकलं.

माझे पुढचे दिवस चांगले गेले. प्रणितची बहीण दिपिका माझ्यावर बसून शिकली. तिने काही त्रास दिला नाही, बसायची आणि उठायची, मला झोपलेला घोडा म्हणायची. नंतर हिरामणच्या मुलीसाठी मी एसटीने रोह्याला जाऊन आलो. तिथे कळलं की जोसेफकाकांचं दुकान बंद झालं होतं. शनिवार नव्हता, तरी.

आता नव्वदचं दशक सरत आलं आहे. घरात पक्का संडास झाला. माझ्या एका पायाला चीर गेली. मला चिंचेखाली टाकून दिलं. कोंबड्या माझ्या पोटात अंडी घालतात. मी हालत नाही, त्यांनाही माझी झोप मोडायची नसावी. परवा प्रणित मित्रांना घेऊन अंगणात आला. आता तो शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. त्यांनी मला स्टंप म्हणून उभं केलं. एकाने विचारलं, "ह्यो काय रं, तुजा होता काय?" प्रणित म्हणाला, "हट्! आमचा नाय. कुनी टाकलाय कुनास ठाव." आणि चेंडू माझ्या तोंडावर बसला.

मला लागलं नाही. पण पडवीत सगुणा होती. मुलं गेल्यावर ती आली, मला उचललं, पदराने माझं तोंड पुसलं आणि मिटलेल्या पापण्यांवरून बोट फिरवलं. तिच्या बोटाला अजून रंगाचा आणि साबणाचा वास येतो. मग तिने मला पुन्हा सावलीत ठेवलं आणि कामाला गेली. आषाढ लागला आहे. पाट तिची वाट बघत असतो.

मित्रांनो, प्रणितवर मी रागावलो नाही. त्याला आठवतच नाही. कुणालाच आठवत नाही. तुम्हीही कधीतरी पाय आवळून भिंतीला टेकून उभे होतात, आणि तुमच्यासमोर कुणीतरी जमिनीवर बसून राहिलं होतं. ती आई असेल, आजी असेल, मोठी ताई असेल, एखाद्या घरी बापही असेल. त्या माणसाचं स्वतःचं काहीतरी काम तेव्हा बाजूला पडलं होतं, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

माझी काळजी घ्या, असं म्हणत नाही. माझं झालं. गणपतीत आरतीला उभे राहाल, तेव्हा बाप्पाच्या डोळ्यांकडे नीट बघा. ते जरा दमलेले वाटले, तर हात जोडलेले असतानाच हमरापूरच्या सगुणेची आठवण काढा, आणि मग घरी जी कोण सगुणा असेल तिची.